दूरचे गुरुजी आणि घरांतली पेटी

वाद्यविद्या गुरूसमोर बसूनच घ्यावी, असा आपल्याकडील पूर्वापार संकेत आहे, आणि तो निराधार नाहीं. जाणत्याच्या हातून स्वर ऐकावा, त्याच्या बोटांकडे पाहावें, चुकल्यास त्यानें तेथल्या तेथें थांबवावें, हीच त्या शिक्षणाची रीत होती. तथापि गेल्या कांहीं वर्षांत मोबाइलच्या चार बोटें रुंद पडद्यावरून पेटी, तबला, बासरी व सतार शिकविण्याचा प्रघात इतका वाढला आहे कीं, त्याविषयीं एका शब्दांत मत देऊन शिक्षकास आतां मोकळें होतां येत नाहीं. आमच्या विद्यार्थ्यांचे पालक आम्हांस वारंवार विचारतात, "गुरुजी, मोबाइलवरून पेटी खरोखर येते काय?" ह्या प्रश्नाचा विचार आम्हीं येथें थोडा विस्तारानें करावयाचें योजिलें आहे. त्यांत कांहीं गणित येईल, कांहीं ध्वनिशास्त्र येईल; विद्यार्थ्यांनीं त्याला भिऊं नये, कारण तें सर्व आठवीच्या पुस्तकापलीकडचें नाहीं.

आमचा अनुभव मुख्यत्वें घोरावाडीचा. मुंबई-पुणें लोहमार्गावर बेगडेवाडी व तळेगांव दाभाडे यांच्या दरम्यान हें लहानसें स्टेशन आहे; पुणें-लोणावळें लोकल तेथें क्षणभर थांबते आणि निघून जाते. तुकोबांचें देहू तेथून फार दूर नाहीं. साहजिकच ह्या सबंध मावळपट्टींत गांवोगांव भजनी मंडळें आहेत, आणि मंडळ म्हटलें कीं टाळ, पखवाज व पेटी हीं आलींच. परंतु वाद्य घरांत असणें निराळें आणि तें शिकविणारा मिळणें निराळें. शिकवणीसाठीं तळेगांवास किंवा चिंचवडास जावें लागतें. शाळा सुटल्यावर, दिवेलागणीच्या वेळीं, बारा वर्षांच्या मुलीला एकटीनें लोकलच्या गर्दींत पाठविण्यास कोणते आईबाप सहज तयार होतील? मुलगे जातात, मुली राहतात. दूरच्या शिकवणीचा प्रश्न आमच्या दृष्टीनें येथून सुरू होतो. केवळ सोय किंवा नवलाई म्हणून आम्हीं त्याकडे कधींच पाहिलें नाहीं.

पेटीच्या बाबतींत ह्या नव्या रीतीला नाकें मुरडणें तर विशेषच चमत्कारिक होईल, कारण ती स्वतःच दूरदेशाहून आलेली. १८४० च्या सुमारास पॅरिस येथें अलेक्झांद्र दबँ नांवाच्या कारागिरानें हार्मोनियमला रूप दिलें. ती पायानें भाता चालवून, खुर्चीवर बसून वाजवावयाची. मिशनरी मंडळींनीं ती आपल्या प्रार्थनामंदिरांत आणिली. पुढें कलकत्त्याचे द्वारकानाथ घोष यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत मांडी घालून, एका हातानें भाता चालवून वाजवितां येईल अशी सुटसुटीत पेटी प्रचारांत आणिली, आणि मग तिला ह्या देशांत कोठें अटकाव राहिला नाहीं. महाराष्ट्रांत तिला थोरपण दिलें तें संगीत रंगभूमीनें. गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) यांनीं तिला साथीच्या जागेवरून उठवून स्वतंत्र वादनाच्या आसनावर बसविलें. 'मानापमान' (१९११) ह्या नाटकाच्या चालीही त्यांच्याच. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांचीं भजनें मराठी ख्रिस्ती मंडळ्यांतून पेटीवरच गाइलीं जातात. इतकें होऊनही ऑल इंडिया रेडिओनें १ मार्च १९४० पासून तिला बाहेर ठेविलें, व ती बंदी सैल व्हावयास सुमारें तीस वर्षें लागलीं. तिच्यांत मींड निघत नाहीं आणि तिचे स्वर आपल्या श्रुतींशीं तंतोतंत जुळत नाहींत, हे आक्षेप होते. आक्षेप खोटे नव्हते. परंतु तेवढ्यावरून भजनाला बसणाऱ्या लोकांनीं पेटी कांहीं माळ्यावर टाकली नाहीं.

दूर राहून शिकविण्याचा प्रयत्नही आजचा नव्हे. पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांनीं ५ मे १९०१ रोजीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापिलें, आणि स्वरलिपींत पुस्तकें छापून गुरूजवळ नसलेल्या विद्यार्थ्याच्या हातांतही कांहीं पडेल अशी व्यवस्था केली. पंडित भातखंडे (१८६०–१९३६) यांच्या सहा भागांच्या क्रमिक पुस्तकमालिकेनें शेंकडों बंदिशी घरोघर नेल्या. १९०२ च्या नोव्हेंबरांत कलकत्त्यास गौहरजान यांचें गायन ध्वनिमुद्रित झालें. त्यानंतर तबकडीवरून गाणें उचलणारांची एक निराळीच पिढी निर्माण झाली. परंतु पुस्तक चूक दाखवीत नाहीं, आणि तबकडी प्रश्नास उत्तर देत नाहीं. ती उणीव व्हिडिओ कॉलनें प्रथम भरून काढली. २००३ सालीं निघालेलें स्काइप २०२५ च्या मे महिन्यांत बंद झालें; पण मधल्या काळांत परदेशांतील कितीतरी मराठी घरांतून मुलें त्यावरून पुण्यामुंबईच्या शिक्षकांपुढें सारेगम घोंटीत होतीं. आपल्याकडे मात्र ही रीत २०२० च्या मार्चांत, टाळेबंदीच्या दिवसांत, एकदम अंगावर आली. शाळा बंद, देवळें बंद, भजनें बंद. त्या आषाढांत तुकोबांच्या पादुका एस. टी.च्या गाडीनें पंढरपुरास गेल्या. घोरावाडीचीं चार मुलें आमच्याकडे त्याच पावसाळ्यांत मोबाइलवरून पेटी शिकूं लागलीं.

आतां मुख्य अडचणीकडे वळूं. ती अशी कीं, दूरच्या दोघांस एकाच वेळीं एकत्र वाजवितां येत नाहीं. पुष्कळांस वाटतें कीं नेटवर्क चांगलें असलें म्हणजे ही अडचण राहणार नाहीं. तें खरें नव्हे. हवेंतून ध्वनि सेकंदास सुमारें ३४३ मीटर जातो. समोर एक मीटरवर बसलेल्या शिष्यास गुरूचा स्वर सेकंदाच्या तीन सहस्रांशांत पोहोंचतो, म्हणजे तत्क्षणींच. मोबाइलवरून जातांना मात्र आवाजाचे बारीक तुकडे करावे लागतात, ते दाबून लहान करावे लागतात, आणि पलीकडे पोहोंचल्यावर क्रमानें लावून मग वाजवावे लागतात. ह्या खटाटोपांत, समजा, पाव सेकंद गेला. पाव सेकंदांत ध्वनि हवेंतून सुमारें ८६ मीटर जातो. म्हणजे शेजारीं बसलेला शिष्य एका क्षणांत शेताच्या पलीकडच्या बांधावर जाऊन बसला असें समजावें.

एवढ्यानें भागलें असतें तरी चाललें असतें. परंतु ही दिरंगाई जातांना एकदां आणि येतांना एकदां अशी दोनदां लागते. मिनिटास १२० मात्रांची मध्यम लय घेतली तर एक मात्रा बरोबर अर्ध्या सेकंदाची झाली. गुरुजींनीं सम दिली. ती शिष्यास पाव सेकंदानें ऐकूं गेली. त्यानें तिच्याशीं अगदीं नेमकी आपली सम जुळविली. ती गुरुजींस आणखी पाव सेकंदानें ऐकूं आली. म्हणजे शिष्य यत्किंचितही चुकला नसतांना गुरुजींच्या कानीं तो पुरता एक मात्रा मागें पडलेला आहे! अशा वेळीं शिक्षक "मागें पडतोस, पुढें ये" असें म्हणाला तर त्या पोरानें करावें तरी काय? तें घाईनें पुढें येतें, आणि त्याच्या अंगांत जी थोडीशी लय बसूं लागली होती ती उखडली जाते. बहुतेक मुलांचा 'मला ताल येत नाहीं' हा न्यूनगंड अशाच एखाद्या अन्यायांतून जन्मतो असें आमचें मत आहे. म्हणून दूरच्या शिकवणींत एका वेळीं एकानेंच वाजवावें, आणि ताल नेहमीं विद्यार्थ्याच्या खोलींत असावा. घरांत कोणी टाळ धरणारें असल्यास उत्तम, नाहीं तर दुसऱ्या एखाद्या यंत्रावर ठेका लावावा; शिक्षकानें आपली पेटी बंद ठेवून, हाताची घडी घालून ऐकावें. पलीकडचा ठेका व पलीकडची पेटी हीं दोन्हीं सारख्याच उशिरानें येतात, त्यामुळें त्यांचा परस्परसंबंध बिघडत नाहीं, आणि चूक कोणाची तें निर्विवाद कळतें.

दुसरी अडचण अधिक फसवी आहे. हे कॉल मुळांत बोलण्यासाठीं केलेले असल्यामुळें त्यांतील यंत्रणा माणसाचें बोलणें तेवढें कामाचें समजते, आणि एकसारखा चालणारा आवाज पंख्याची घरघर समजून दाबून टाकते. आपल्या संगीतांत तर सतत चालणारा षड्ज हाच पाया! विद्यार्थ्यानें तानपुरा लावावा, आणि तीन-चार सेकंदांत तो शिक्षकाच्या कानीं विरून जावा, असा प्रकार नित्य घडतो. लांब धरलेला स्वरही कधीं कधीं मध्येंच लुप्त होतो. शिक्षकास वाटतें भाता तुटला, आणि भाता तर बिचारा नीट चालू असतो. शिवाय तीच यंत्रणा हळू आवाज वाढविते आणि मोठा आवाज उतरविते. पेटींतील सगळा भाव भात्याच्या कमीअधिक दाबांत असतो. तो असा सपाट होऊन आला म्हणजे चांगला हात आणि राकट हात यांत भेद कळेनासा होतो. झूमसारख्या कांहीं सोयींत मूळ आवाज जसाच्या तसा पाठविण्याची निवड करतां येते. ती पहिल्याच दिवशीं करून घ्यावी व स्पीकर न वापरतां इयरफोन लावावा. नुसत्या व्हॉट्सअॅप कॉलवर ही निवड नाहीं. त्यावर बोटें पाहावीं, स्वर ओळखावेत, परंतु भात्याविषयीं मत देऊं नये.

मोबाइल कोठें ठेवावा, हा प्रश्न क्षुल्लक दिसतो, तो तसा नाहीं. पेटीच्या समोर मोबाइल उभा केला तर पाहणाराला पट्ट्या उलट्या दिसतात : खर्जाची बाजू उजवीकडे आणि तारसप्तक डावीकडे. नवशिक्या मुलाला हें चित्र मनांत फिरवून घ्यावें लागतें, आणि स्वर शोधण्यांत खर्च व्हावयाची बुद्धि तेथेंच खर्च होते. शिक्षकानें आपला मोबाइल खांद्याच्या मागून किंवा डोक्यावरून पट्ट्यांकडे लावावा, म्हणजे विद्यार्थ्याला स्वतःच्याच पेटीकडे पाहिल्यासारखें वाटतें. अंगठा कोठें खालून घ्यावयाचा, म्हणजे पांढरी एकमधून सा, रे, ग अंगठा, तर्जनी व मधलें बोट यांनीं घेऊन मध्यमावर अंगठा कसा सरकवावयाचा, हें ह्या रीतीनें जितकें स्पष्ट दिसतें तितकें समोरासमोर बसूनही दिसत नाहीं, हें आम्ही मोकळेपणें सांगतों. मात्र त्या चित्रांत विद्यार्थ्याचा डावा हात, खांदा आणि पाठीचा कणा दिसत नाहीं. निम्मी पेटी तर डाव्या हातांत असते.

कानाच्या शिक्षणाविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. पेटींतील बारा स्वर सारख्या अंतरावर बसविलेले असतात. षड्जाचीं आंदोलनें सेकंदास २४० धरलीं तर स्वाभाविक शुद्ध गांधार ३०० आंदोलनांचा येतो; पेटींतला गांधार ३०२.४ चा असतो, म्हणजे किंचित् चढा. पंचम ३६० ऐवजीं ३५९.६, म्हणजे जवळजवळ अचूक. सा व प एकत्र धरून पाहा, स्वर शांत राहतो. सा व ग एकत्र धरा, त्यांत एक बारीक थरथर ऐकूं येईल. हा प्रयोग मुलांनीं घरीं अवश्य करावा. ही उणीव दूर करण्यासाठीं विसाव्या शतकाच्या आरंभीं सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल व न्यायाधीश क्लेमेंट्स यांनीं श्रुतींची पेटी करविली होती, आणि आपल्या काळांत डॉ. विद्याधर ओक यांनीं बावीस श्रुतींची पेटी सिद्ध केली आहे. आमच्या विद्यार्थ्यांना एवढ्या खोल पाण्यांत जावयाचें कारण नाहीं. परंतु हल्लीं मोबाइलवर स्वर मोजणारें एक साधन असतें. स्वर लागला कीं हिरवा दिवा लागतो. मुलें दिव्याकडे पाहूं लागतात आणि ऐकणें सोडतात. तो दिवा बहुधा पेटीच्याच सारख्या अंतराच्या स्वरांची साक्ष देतो, गळ्यांतल्या स्वाभाविक गांधाराची देत नाहीं. त्याहून, आधीं तोंडानें म्हणावें आणि मग पट्टी दाबावी हा जुना नियम कितीतरी बरा.

एवढें सगळें जुळवून घेतलें तरी एक गोष्ट उरतेच. ती आम्हांस इयत्ता सातवींतील एका विद्यार्थिनीच्या निमित्तानें नीट पाहावयास मिळाली. तिचे आजोबा गांवच्या मंडळांत कित्येक वर्षें पेटी वाजवीत. टाळेबंदीच्या आदल्या वर्षीं त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात वांचला, डावा निकामी झाला. बोटांना सगळे अभंग ठाऊक, पण भाता ओढवयाचा कोणीं? घरांत पेटी झांकून ठेविलेली, आणि मंडळींत कुजबुज सुरू कीं, आतां पैसे देऊन बाहेरचा पेटीवाला आणावा, नाहीं तर टाळ-पखवाजावरच भागवावें. म्हाताऱ्याला तें ऐकवेना. ह्या मुलीनें पेटी शिकावी असें घरांत ठरलें तें ह्या कारणानें.

वडील तळेगांवच्या औद्योगिक वसाहतींत पाळीवर कामास. घरांत मोबाइल एकच, तो त्यांच्याबरोबर जावयाचा. त्यामुळें प्रत्यक्ष कॉल आठवड्याच्या सुटीच्या दिवशीं तेवढा होई. बाकीच्या दिवशीं ती रात्रीं वडील परतल्यावर एक मिनिटाचें वादन मुद्रित करून पाठवी, आणि आम्ही सकाळीं शाळेपूर्वी तें ऐकून उत्तर देत असूं. ही व्यवस्था नाइलाजाची होती. परंतु अनुभवान्तीं आम्ही तिला प्रत्यक्ष कॉलहूनही श्रेष्ठ मानूं लागलों आहों. मुद्रित वादनाला दिरंगाई नाहीं. साधी फाइल म्हणून पाठविलें तर आवाजही फारसा बिघडत नाहीं. आणि सर्वांत मोठा लाभ असा कीं, पाठविण्यापूर्वी मूल स्वतःचें वादन स्वतः ऐकतें. तिची आई सांगे, "गुरुजी, तुम्हांला एक पाठविते, पण आमच्या कानावर पांच पांच वेळां येतें." त्या पांच वेळांत जें शिक्षण झालें तें आम्हीं दिलेलें नव्हे.

दीड वर्षांत तिचे अलंकार स्वच्छ झाले, पांच-सहा अभंगांच्या चाली पांढरी एकमधून व्यवस्थित येऊं लागल्या. देवळें उघडल्यावर एका एकादशीस मंडळानें तिला पेटीवर बसविलें. आम्ही मुद्दाम ऐकावयास गेलों होतों. बुवांनीं काळी तीनमध्यें सुरुवात केली. तिच्या बोटांखालचा रस्ताच बदलला! त्यांतून सांवरून तिनें ध्रुपद धरलें तों मंडळी कडव्यावर गेली. कडवें सांपडलें तों पखवाजानें लय चढविली. वीस गळे, दहा जोड टाळ, आणि त्यांत आपली पेटी आपल्यालाच ऐकूं येत नाहीं, हा प्रसंग मोबाइलवरून शिकणाराला ठाऊकच नसतो. तेथें तर सगळें शांत असतें, एका वेळीं एकच जण वाजवितो, आणि चुकलें तर पुन्हा पहिल्यापासून घेतां येतें. तिसऱ्या अभंगाच्या मध्यांत तिनें हात काढून घेतला. कोणी रागावलें नाहीं. पण पोर घरीं जाऊन दोन दिवस पेटीजवळ गेली नाहीं, आणि मंडळींत बाहेरच्या पेटीवाल्याचें नांव पुन्हा निघालें.

येथून पुढचें काम आजोबांनीं केलें. आम्हीं फक्त धडे बदलले : रोजचा अलंकार निराळ्या पट्टींतून, कधीं पांढरी चार, कधीं काळी पांच, एकच अभंग विलंबित, मध्य आणि चढत्या लयींत, आणि वाजवितांना शब्द तोंडानें म्हणणें सक्तीचें. आजोबा बाजेवर बसून उजव्या हातानें मांडीवर ठेका देत, आणि मध्येंच न सांगतां लय वाढवीत. कधीं ते स्वतः पट्ट्यांवर हात ठेवीत आणि नातीला नुसता भाता ओढावयास लावीत. एक हात आजोबांचा आणि एक नातीचा, अशी ती पेटी वाजे. भात्यावर हात ठेवून, त्यांची बोटें दाबली जातांना वारा किती लागतो आणि कोठें सोडावा लागतो, हें तिला कळलें. हें ज्ञान आम्हांस पडद्यावरून देतां आलें नसतें, आणि खरें म्हणजे समोर बसूनही ह्या रीतीनें आम्हांस तें सुचलें नसतें. त्यांनीं तिला आणखी एक गोष्ट सांगितली, ती ह्या व्यवसायांतील कोणत्याही पुस्तकांत लिहिलेली आम्हांस आढळली नाहीं : "चुकलीस तर थांबूं नकोस. सा धर, भाता चालू ठेव, आणि बुवाच्या तोंडाकडे पाहा. चाल आपण होऊन परत येते."

पुढील कार्तिकीस ती पुन्हा बसली. पहिले दोन अभंग नीट गेले. तिसऱ्यांत लय चढली तेव्हां तिची चाल सुटली. परंतु षड्ज सुटला नाहीं. दोन ओळी तिनें नुसता सा आणि प धरून काढल्या, आणि पुढच्या ध्रुपदावर पुन्हा चालींत आली. मंडळींतल्या बहुतेकांस तें कळलेंही नसावें. आजोबांना कळलें, ते खांबाला टेकून बसले होते, आणि त्यांनीं उजव्या हातानें मांडीवर एक थाप दिली. आतां ती मंडळाची नेहमींची पेटीवाली आहे असें आम्ही म्हणत नाहीं; अवघड एकादशीला तळेगांवचे एक गृहस्थ येतात व ती शेजारीं बसते. पण बाहेरून कोणास कायमचें ठेवण्याची भाषा थांबली आहे.

ह्यावरून पालकांच्या प्रश्नास आमचें उत्तर असें : बोटें, स्वरज्ञान, स्वरलिपी व पाठांतर मोबाइलवरून येतात, आणि मन लावल्यास चांगलीं येतात. साथ येत नाहीं. साथीसाठीं जिवंत माणसें, चालतीं भजनें आणि चुकण्याची मोकळीक लागते. तेव्हां मूल दूरच्या गुरुजींकडे शिकत असेल तर महिन्यांतून एकदां तरी त्याला मंडळांत, उपासनेंत किंवा शाळेच्या प्रार्थनेंत कोणाच्या तरी शेजारीं बसवावें. ज्या घरांत आजी-आजोबांना चार चाली ठाऊक आहेत त्या घरांत तर गुरुजी निम्मे घरांतच आहेत. पाहुणे आले कीं मुलाला "वाजवून दाखव" म्हणून मोबाइलपुढें उभें करणें मात्र बंद करावें; त्यानें मूल वाजवावयास शिकत नाहीं, मिरवावयास शिकतें.

यूट्यूबवरील फुकट धड्यांविषयींही विचारणा होते. कांहीं धडे उत्तम आहेत. परंतु पट्ट्यांवर आंकडे चिकटवून 'पांच मिनिटांत गाणें' शिकविणारे जे धडे आहेत, त्यांपासून दूर राहावें. आंकड्यांवरून गाणें वाजविणारा मुलगा पट्टी बदलली कीं आंधळा होतो; त्याला सा कोठें आहे हेंच ठाऊक नसतें. असे विद्यार्थी आमच्याकडे येतात तेव्हां पहिले दोन महिने ते आंकडे पुसण्यांत जातात.

शेवटीं पेटीविषयीं चार शब्द, कारण दूरच्या शिक्षकाला ती हातांत घेऊन पाहतां येत नाहीं. नवी किंवा जुनी पेटी घेण्यापूर्वी भाता पूर्ण उघडावा, सर्व पट्ट्या सोडून द्याव्या, आणि भाता हातानें दाबून पाहावा. हवा चटकन निसटून भाता मिटला तर पेटी गळकी आहे. मुलाचा डावा हात थकेल आणि दोष मुलाच्या माथीं येईल. एक एक पट्टी हळूच दाबून प्रत्येक स्वर कमी हवेवरही बोलतो काय, तें ऐकावें. स्वरांच्या पितळी जिभांसाठीं गुजराथेंतील पालिताणा प्रसिद्ध आहे. विकणाराला त्या कोठल्या आहेत हें विचारण्यास संकोच करूं नये. आणि मावळांतील पाऊस सर्वांस ठाऊक आहे. आषाढ-श्रावणांत लांकूड फुगून पट्ट्या अडकतात, पितळेवर गंज चढून एखादा स्वर मुका होतो. पेटी भिंतीला व जमिनीला लावून ठेवूं नये. पाटावर, कापडांत गुंडाळून ठेवावी, आणि ऊन पडेल त्या दिवशीं उन्हांत न ठेवतां कोरड्या वाऱ्यावर उघडून ठेवावी. रोज दहा मिनिटें वाजविली तर ह्यांतील निम्मा उपद्रव होतच नाहीं. एखादी पट्टी अडकलीच, तर सुरी घालून उचकटूं नये. तिचें चित्र घेऊन गुरुजींस पाठवावें, आणि तोंवर त्या दिवसाचा अलंकार ती पट्टी लागणार नाहीं अशा दुसऱ्या सप्तकांत वाजवावा.